भाच्याचा गेमिंग पीसी, मॉनिटर धरून ६० हजारांत

भाच्याला इंजिनिअरिंगला कम्प्युटर ब्रँच मिळाली आणि ताईने त्याला आधीच कबूल केलेलं होतं की अ‍ॅडमिशन झाली की पीसी घेऊ, त्यामुळे २०२४ च्या दिवाळीआधी हे काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्याकडे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन मलाच येतो, मग हे तर काय. बजेट ६० हजार आणि त्यातच मॉनिटर बसवायचा, कीबोर्ड माउस हेडफोन घरात होते ते चालणार होते. ताईची अट एकच, "अभ्यासाला पण चालला पाहिजे रे." भाच्याची पण एकच, "मामा, आय सेव्हन पाहिजे."

हे आय सेव्हनचं खूळ आधी काढावं लागलं. त्याच्याकडे रील्स सेव्ह करून ठेवलेल्या, १८ हजारांत आय सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आत रंगीबेरंगी पंखे, वर फ्री डिलिव्हरी. खालचं बारीक अक्षर वाचलं की कळतं तो आय सेव्हन ३७७० आहे, म्हणजे २०१२ सालचा, कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारात निघालेल्या मशीनमधून काढलेला, त्याच्याखाली एच६१ चा नवा कोरा चायनीज बोर्ड, डीडीआर३ रॅम, आणि ते ४ जीबीचं कार्ड म्हणजे जीटी ७३०. आता जीटी ७३० ला ४ काय ४० जीबी मेमरी चिकटवली तरी ते आजचे गेम ओढणार नाही, कारण मूळ चिपमध्येच दम नाही, पण लोक जीबी बघून कार्ड घेतात हे विकणाऱ्याला पक्कं माहितीये. त्याला दाखवलं की त्या आय सेव्हनला ४ कोअर ८ थ्रेड आहेत (म्हणजे आत काम करणारे चार भाग, एकावेळी आठ कामं), आणि २०२२ च्या साध्या आय थ्री १२१००एफ ला पण ४ कोअर ८ थ्रेडच आहेत, आणि हा आय थ्री त्या आय सेव्हनला खूप मागे टाकतो. वर विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचेच प्रोसेसर आहेत, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, ते त्या जुन्या मशीनला जमत नाही. विंडोज १० वर ढकललं असतं पण त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर होतं. व्हॅलोरंटचं नाव ऐकल्यावर साहेब गप्प झाले.

मग त्याला सांगितलं, पार्टची नावं बाजूला ठेव, तू काय खेळणार ते लिहून दे. यादी आली: व्हॅलोरंट रोज, मित्रांबरोबर जीटीए ५, फोर्झा होरायझन ५, आणि स्वप्न म्हणून रेड डेड रिडेम्प्शन २. ही यादी आल्यावर अर्धं काम झालं होतं कारण यातलं शेवटचं नाव सोडलं तर बाकी सगळं मध्यम कार्डावर छान चालतं, आणि शेवटचं पण १०८०पी वर, म्हणजे फुल एचडी मॉनिटरवर, चालतं.

१०८०पी की १४४०पी हा निर्णय मात्र कार्डाच्या आधी घ्या, माझा अगदी आग्रह आहे यावर. १९२० गुणिले १०८० म्हणजे जवळपास २० लाख ७० हजार पिक्सेल, २५६० गुणिले १४४० म्हणजे ३६ लाख ८० हजारांच्या वर. म्हणजे मॉनिटर मोठ्या रिझोल्युशनचा घेतला की कार्डाला दर फ्रेमला पावणेदोनपट पिक्सेल काढायचे असतात, आणि ते काम करणारं कार्ड आपल्या बजेटमध्ये बसत नाही. म्हणून मॉनिटर २४ इंची, १०८०पी, आयपीएस पॅनल, १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणारा), तेव्हा साधारण ८ हजार. भाच्याला १६५ हर्ट्झ पाहिजे होता, तो दोनअडीच हजारांनी महाग पडत होता आणि ते पैसे मला कार्डातून किंवा एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणारा डबा) काढावे लागले असते, म्हटलं नाही. ६० वरून १०० ला आलास की माउस हलवतानाच फरक कळतो, त्याच्या पुढचा फरक तुझ्या रँकला सध्या तरी लागणार नाही. थोडा चिडला पण ऐकलं.

आता कार्ड. बजेटचा एक तृतीयांश कार्डावर हा माझा साधा हिशोब आहे, म्हणजे २० हजार. या किमतीच्या आसपास तेव्हा जे होतं त्यात जीटीएक्स १६५०, आरएक्स ६५०० एक्सटी, आरटीएक्स ३०५० आणि आरएक्स ६६०० (जीटीएक्स आणि आरटीएक्स एनव्हिडियाची, आरएक्स एएमडीची). जीटीएक्स १६५० ही २०१९ ची चिप, ४ जीबी, चांगली राबली बिचारी पण आता नवीन घेण्यात अर्थ नाही. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं पण ते फक्त ४ लेनवर, म्हणजे बोर्डशी डेटा ने-आण करायच्या चारच वाटांवर चालतं, पीसीआयई (कार्ड बसायची खाच) ४.० च्या बोर्डवर ठीक, ३.० च्या बोर्डात घातलं की त्याचा श्वास कोंडतो, ४ जीबी मेमरी भरली की तर फारच, शिवाय त्यात रेकॉर्डिंगसाठी हार्डवेअर एन्कोडरच नाही, आणि आजकालची पोरं खेळतात कमी आणि क्लिपा काढतात जास्त. आरटीएक्स ३०५० मध्ये गंमत अशी की एकाच नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात. पहिलं ८ जीबीवालं २०२२ चं, आणि २०२४ च्या सुरुवातीला आलेलं ६ जीबीवालं. दुसऱ्यात मेमरीच कमी आहे असं नाही, कोअर पण कमी आहेत आणि मेमरी बस, म्हणजे मेमरीची वाट, १२८ वरून ९६ बिटवर आणलीये. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०५० तेच. ज्याच्या कॅबिनेटमध्ये छोटा एसएमपीएस आहे आणि बदलायचा नाहीये त्याच्यासाठी ६ जीबीवालं चांगलं आहे कारण ७० वॅटच्या आसपास खातं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. आमच्यासाठी नाही.

राहिलं आरएक्स ६६००. ८ जीबी, १३२ वॅट, एकच ८ पिनची केबल, आणि नुसत्या फ्रेम मोजल्या तर ८ जीबीवाल्या ३०५० ला पण सरळ मागे टाकतं. इथे ताईचा मुद्दा आला, तिच्या ऑफिसमधल्या कोणीतरी सांगितलं होतं की इंजिनिअरिंगला एनव्हिडियाच लागतं. मुद्दा अगदीच चुकीचा नाही, कूडावर (एनव्हिडियाच्या कार्डावर प्रोग्राम चालवायची पद्धत) चालणारं काही करायचं असेल, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग करायचं असेल तर एनव्हिडिया बरं, आणि बजेट पाचेक हजारांनी जास्त असतं तर मी डोळे झाकून १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० घेतलं असतं. पण पहिल्या वर्षाला सी आणि पायथन लिहायला ग्राफिक कार्ड कोणतं आहे याने काही म्हणजे काही फरक पडत नाही, आणि तिसऱ्या वर्षाला त्याला खरंच मशीन लर्निंग करायचं असलं तर ते तेव्हा बघू. ताईला हे पटलं कारण त्यात पाच हजार वाचत होते.

सेकंडहँडचा पण विचार झाला. आरएक्स ५८० तेव्हा सहासात हजारांत मिळत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून चलन कमावणं) बंद झालं तेव्हा जगभरातून मायनिंगची कार्डं बाजारात आली, आणि त्यातली बरीच धुऊन पुसून तेव्हाही फिरत होती. त्यात २०४८एसपी लिहिलेलं एक व्हर्जन आहे, नाव ५८० चं पण आत ५७० एवढेच कोअर, खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. जाणकार माणूस बरोबर असेल आणि समोर चालवून बघता येत असेल तर कमी बजेटला हा मार्ग वाईट नाही. पण मला दर शनिवारी ताईकडे कल्याणला जाऊन कार्ड काढून घालायचा उत्साह नव्हता, वॉरंटी असलेलं नवीनच घेऊ म्हटलं.

प्रोसेसरवर लोक सगळ्यात जास्त भांडतात आणि या बजेटला तो सगळ्यात सोपा निर्णय आहे. रायझन ५ ५६०० किंवा आय फाइव्ह १२४००एफ, दोन्ही ६ कोअर १२ थ्रेड, दोघांबरोबर कूलर फुकट, किंमत तेव्हा ११ हजारांच्या अलीकडे पलीकडे, आणि आरएक्स ६६०० बरोबर दोघांत फरक शोधायला भिंग लागेल. मी ५६०० घेतला तो फक्त पुढचा विचार करून, त्याच बोर्डवर उद्या ५७००एक्स३डी बसतो. एएम४ हे सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) २०१६ पासूनचं, आता नवीन काही येणार नाही असं लोक म्हणतात आणि एएम५ घे म्हणतात, खरंय, पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्ड महाग, तेवढे पैसे कार्डातून गेले असते. ५६०० आणि ५५०० यात मात्र घोळ घालू नका, ५५०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई पण ३.० आहे, हजारदीड हजारांसाठी ते नको.

बोर्ड बी४५०, ६ हजारांचा. बी५५० मध्ये पीसीआयई ४.० मिळतं पण अडीच हजार जास्त, आणि ६६०० ला ८ लेन असल्यामुळे ३.० वर थोडेसेच फ्रेम जातात. बी४५० घेताना बघायचं एकच, खोक्यावर रायझन ५००० डेस्कटॉप रेडी असं स्टिकर आहे का. जुना स्टॉक असेल तर बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय ५६०० चालूच होत नाही, आणि चालू होत नाही म्हणून अपडेट करता येत नाही, अशी अडचण.

रॅम १६ जीबी, पण ८ च्या दोन पट्ट्या, कारण दोन असल्या की डेटा दोन्हींतून एकदम जातो आणि वेग वाढतो. ३२०० मेगाहर्ट्झ, सीएल१६, तेव्हा साधारण ३,२०० रुपये. एसएसडी १ टीबी, तेव्हा ५ हजार, कारण रेड डेड एकटंच १५० जीबी जागा मागतं आणि ५०० जीबीत विंडोज टाकून दोन मोठे गेम टाकले की खेळ खल्लास. टीएलसीवाली घेतली, क्यूएलसीवाली तीनचारशेनी स्वस्त होती पण मोठी फाईल कॉपी करताना मध्येच मंदावते.

आणि आता एसएमपीएस. यावर मी जरा जास्तच बोलतो असं बायको म्हणते. बजेट पीसीत सगळ्यात आधी कात्री कशाला लागते तर याला, कारण याने एकही फ्रेम वाढत नाही आणि काचेतून दिसत पण नाही. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा किंवा ८०० रुपयांचा ४५० वॅटवाला जो असतो त्याचं लेबल एकदा नीट वाचा. वर ४५० लिहिलेलं असतं, पण खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात बघा. मी हातात घेतलेल्या एकावर १६ अँपिअर होतं. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघं जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, ५६०० जोरात असताना ७६ वॅटपर्यंत जातो आणि कार्डाचे १३२, झाले २०८, बोर्ड पंखे एसएसडी अजून धरलेच नाहीत. त्यात ८ पिनची कार्डाची केबलच नसते, मग दुकानदार मोलेक्सचा (जुन्या पद्धतीची पॉवर केबल) जोड देतो, तो जोड तापतो, आणि एसएमपीएस गेला की कधीकधी बोर्ड आणि कार्ड बरोबर घेऊन जातो. दुसऱ्या टोकाला एक जण म्हणाला ७५० वॅटच लागेल. कशाला, एएमडी स्वतः ६६०० साठी ४५० वॅट सांगते, फक्त ते खरे वॅट असले पाहिजेत. ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का), १२ व्होल्टला ४५ अँपिअर, ३,९०० रुपये, वॉरंटी ५ वर्षं. या एका पार्टवर मी भाच्याला बोलायचीसुद्धा संधी दिली नाही.

सगळं ऑनलाइन घेता आलं असतं, पण भाच्याला बाजार दाखवायचा होता आणि खरं सांगायचं तर मला पण जायचं होतं. डोंबिवलीहून दादर, दादरला पुलावरून वेस्टर्नला, तिथून स्लो पकडायची कारण फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही, आणि मग चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं पण ते नाव विचारलंत तर दुकानदार पण एक सेकंद विचार करेल. कॉलेजात असताना इथून रॅम घेऊन जायचो तेव्हाची गर्दी आता राहिली नाही, तरी अजून एका गल्लीत सगळं मिळतं.

पद्धत अशी की आधी हातात यादी, प्रत्येक पार्टचा ऑनलाइन भाव शेजारी लिहिलेला, आणि तीनचार दुकानांत तीच यादी देऊन कोटेशन घ्यायचं. पहिला प्रश्न सगळीकडे तोच, "बिल के साथ या बिल के बिना?" पार्टवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणून बिनबिलाचा भाव ऐकायला गोड लागतो, पण वॉरंटी क्लेम करताना बिल मागतात तेव्हा तो गोडवा उतरतो. बिल पक्कंच, आणि त्यावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस आणि एसएसडीचे सिरियल नंबर लिहून घ्यायचे, हे त्यांना आवडत नाही पण मागितलं की लिहून देतात.

कोटेशन वाचणं ही वेगळी कला आहे. एकाने टोटल चक्क तीन हजारांनी कमी सांगितली, भाचा खूश, मी ओळ ओळ बघितली तर प्रोसेसर ट्रेवाला, म्हणजे खोकं नाही, कूलर नाही, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाची. रॅम १६ ची एक पट्टी. दुसऱ्या ठिकाणी ६६०० स्टॉकमध्ये नाही म्हणून "सर, थर्टी फिफ्टी ले जाओ, सेम है, एनव्हिडिया है," आणि काढलं ते ६ जीबीवालं. भाच्यानेच विचारलं, "अंकल, ये नाइंटी सिक्स बिट वाला है ना?" त्या माणसाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि खोकं परत आत ठेवलं. मला लय भारी वाटलं, लपवत नाही.

शेवटी बहुतेक सगळं एकाच दुकानात घेतलं, तिथला माणूस कमी बोलणारा होता, आरएक्स ६६०० २० हजारांना दिलं, आणि एसएमपीएस व मॉनिटर ऑनलाइन स्वस्त होते म्हणून तिकडून मागवले. कॅबिनेट पुढून जाळीचं घेतलं, २,८०० चं, पंख्यांसकट. भाच्याची नजर पुढून पूर्ण काच असलेल्यावर होती, दिसायला सुंदर, पण हवा कुठून घेणार ते? मे महिन्यात कल्याणला वरच्या मजल्यावरच्या खोलीत काय होतं ते मला माहितीये. सगळं मिळून ५९,९००. उरलेल्या १०० रुपयांत आणि थोडे माझे घालून स्टेशनबाहेर वडापाव आणि चहा.

जोडणी ताईच्या जेवणाच्या टेबलावर, भाच्याच्या हाताने, मी फक्त बोट दाखवायला. जोडणी तशी सोपी आहे, पिना चुकीच्या जागी बसतच नाहीत, पण काही गोष्टी कोणी सांगत नाही. ५६०० बरोबरचा कूलर स्क्रूने बसतो, त्यासाठी बोर्डवर आधीच लावलेले प्लॅस्टिकचे दोन ब्रॅकेट काढावे लागतात, आणि ते काढताना मागची लोखंडी पट्टी सुटून खाली पडते म्हणून तिला एका हाताने धरून ठेवायची. कूलरला पेस्ट लावलेलीच असते, वरून आणखी थापायची नाही. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पॉवर बटणाच्या त्या मुंगीएवढ्या पिनांसाठी मॅन्युअल उघडायचं, दुसरा इलाज नाही. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, बोर्डला नाही, ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीच त्यामुळे बोर्डला लावलीत तर काळा पडदा बघत बसाल.

चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी चालू केलं, नाहीतर ३२०० चे पैसे देऊन ती २१३३ वर चालत राहते. सिक्युअर बूट चालू केलं. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घेतली, दुकानदार "विंडोज डाल के देंगे" म्हणत होता त्याला नको म्हटलं होतं, लायसन्स कीचे पैसे ताई पुढच्या महिन्यात बजेटबाहेर देणार होती. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये १०० हर्ट्झ स्वतः निवडायचं, विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवते आणि लोक वर्षभर तसंच खेळतात.

एक गोष्ट मात्र यादीत नव्हती. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतोय. ताई घाबरली, पीसी खराब निघाला म्हणाली. पीसी बरोबर होता, ताईच्या जुन्या बिल्डिंगमध्ये त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळायला जे छोटे कपॅसिटर असतात ते थोडीशी गळती पत्र्यावर सोडतात, अर्थिंग असेल तर ती गुपचूप जमिनीत जाते, नसेल तर तुमच्या अंगातून. इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने त्या खोलीला मीटरपासून अर्थिंगची वायर ओढली, १,२०० रुपये घेतले, झिणझिण्या बंद. जुन्या घरात राहणाऱ्यांनी पार्ट निवडायच्या आधी हे तपासा बाबांनो. लाइट जाते म्हणून यूपीएस पण नंतर घेतला, ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट, आमची मशीन खेळताना मॉनिटर धरून तीनशेच्या आतच राहते त्यामुळे सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरतो.

रेड डेड हाय सेटिंगला ६० च्या वर चालतं, व्हॅलोरंटला फ्रेम एवढ्या येतात की मॉनिटरच मागे पडतो. पंख्यांचे रंग बदलणारा कंट्रोलर पाहिजे म्हणून आता मागे लागलाय, ते त्याने स्वतःच्या पैशातून घ्यावं.

तेवढ्यात ताईच्या शेजाऱ्यांचा फोन आला, तीच यादी पाठवा, आमच्या मुलाला पण घ्यायचाय. विचारलं काय खेळतो, तर फक्त व्हॅलोरंट, आणि बजेट ४० हजार. मग ही यादी त्यांच्या काय कामाची? त्यांना रायझन ५ ५६००जी सांगितला, त्यात ग्राफिक्स आतच असतात, व्हॅलोरंट आरामात चालतं, कार्ड वाटलं तर पुढच्या वर्षी. फक्त त्यात आतली ग्राफिक्स रॅमच वापरतात म्हणून दोन पट्ट्या हव्यातच, हे दोनदा बजावलं. काल त्यांनी दुकानाचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, रॅमच्या ओळीत १६ जीबी, नग १. परत पाठवलंय.